ओटीपी घरात, नेट टेकाडावर : अकरावीच्या एका प्रवेशाचं प्रकरण

२०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत आमच्या भागात अकरावीचा प्रवेश म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम होतं. गुणपत्रिका आणि टीसी पिशवीत घालायची, बापासोबत नाहीतर मामासोबत तालुक्याला जायचं, कॉलेजच्या खिडकीवर फारम भरायचा आणि परतताना बाजार करून यायचं. ऑनलाइन प्रवेश ही मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांतली गोष्ट होती. त्या वर्षी ती राज्यभर एकदमच लागू झाली. दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला. नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ बसलं आणि वेळापत्रक पुढे ढकलावं लागलं. शहरातल्या पालकांनी समाजमाध्यमांवर आरडाओरडा केला. आमच्याकडे बहुतेकांना नोंदणी सुरू झाल्याचाच पत्ता नव्हता, मग ती बंद पडल्याचा कुठून असणार?

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातलं. तालुका केळापूर, पण कचेऱ्या, बाजार, कॉलेज सगळं पांढरकवड्याला. नागपूर–हैदराबाद महामार्ग इथूनच जातो. त्या रस्त्यावर नेट असं पळतं की ढाब्यावर ट्रकवाले जेवता जेवता घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलत असतात. गाव मात्र आत आहे, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला. मी त्याच पट्ट्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवतो आणि ज्या मुलीच्या प्रवेशाचं हे प्रकरण, ती आमच्याकडेच दहावीला होती. लिहायला घरच्यांची हरकत नाही, फक्त नावं नको म्हणाले.

घरात माणसं सहा, फोन दोन. स्मार्टफोन बापाकडे. तो हंगामात जिनिंगला आणि एरवी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर असतो, त्यामुळे फोन सकाळी सातला त्याच्यासोबत घराबाहेर पडतो आणि दिवेलागणीनंतर परत येतो. दुसरा आबाजींचा, म्हणजे मुलीच्या आजोबांचा, बटनांचा. पण घराचा खरा नंबर तोच. आबाजींचं, त्यांच्या मुलाचं आणि नातवंडांचं आधार, बँकेचं खातं, पीएम किसान, सगळं त्याच नंबराला जोडलेलं. आधारला नंबर जोडायला लावले तेव्हा घरात तेवढा एकच फोन होता.

दोन्ही सीम वेगवेगळ्या कंपन्यांची. आबाजींच्या फोनला घरात पार चुलीपाशीसुद्धा रेंज असते, पण त्या फोनवर नेट नाही. स्मार्टफोनचं नेट गावात धड कुठंच चालत नाही. पांदणीनं, म्हणजे वावराकडच्या वाटेनं, वर गेलं की टेकाडावर सागाची दोन झाडं आहेत, तिथं चालतं. पोरं त्या जागेला ‘टावर’च म्हणतात. मात्र तिथं आबाजींच्या कंपनीची रेंज जाते. आणि दिवस मावळल्यावर पोरींना टेकाडावर जायची बंदी, कारण वाघ. इथं ही भीती पुस्तकातली नाही. माणसं मारल्याचा ठपका असलेली टी-१ वाघीण २०१८ साली याच राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात फिरत होती, आणि त्या वर्षी लोक कापूस वेचायला एकेकटे जात नव्हते.

आता हिशेब लावा. फोन घरी येतो रात्री. नेट टेकाडावर. रात्री टेकाड बंद. म्हणजे कामाच्या दिवशी त्या मुलीच्या हातात फोन आणि नेट एकत्र येण्याची वेळच नाही. शासकीय पाहणीत मात्र हे घर ‘स्मार्टफोन आहे, इंटरनेट आहे’ अशाच रकान्यात जाणार. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातल्या जेमतेम १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, शहरांत ४२ टक्के. आकडा त्यानंतर खूप वाढला, हे गावात डोळ्यांनी दिसतंच. पण घरात नेट असणं आणि घरातल्या पोरीला ते मिळणं यांच्यात केवढी पांदण आहे, ते या पाहण्यांत कुठं दिसत नाही.

ग्रामपंचायतीत भारतनेटची, म्हणजे पंचायतींपर्यंत इंटरनेट पोचवण्याच्या सरकारी योजनेची, पेटी आहे. ही योजना केंद्रानं २०११ साली वेगळ्या नावानं मंजूर केली, २०१५ मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळालं, आणि आमच्याकडे तार पंचायतीच्या भिंतीपर्यंत आली. दिवा लागतो. खोलीला कुलूप असतं. किल्ली ज्याच्याकडे तो माणूस दोन गावं सांभाळतो. यावर जास्त लिहायचं नाही, कारण या प्रकरणात पेटीचा काहीच उपयोग झाला नाही.

मुलीचं शिक्षण कसं झालं तेही थोडक्यात. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती पाचवीत होती. सहावीचं वर्ष जवळजवळ कोरंच गेलं. सह्याद्री वाहिनीवर पाठ लागायचे, पण त्या वेळी घरातला टीव्ही बिघडलेला होता. ग्रामीण भागातल्या पाचवीपासूनच्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा उघडल्या तेव्हा ती सातवीत होती आणि अपूर्णांक तिला नवे होते. तरी दहावीला तिनं ७८ टक्के आणले. तिला नर्स व्हायचं आहे, म्हणून सायन्स हवं.

फारम भरायची वेळ आली जूनच्या तोंडावर, म्हणजे पेरणीच्या तयारीत. ज्यानं वेळापत्रक आखलं त्याच्या घरी शेती नसावी. बीटी कपाशीच्या बियाण्याचं पाकीट त्या वर्षी ९०१ रुपयांना होतं, आणि या घराला दहा पाकिटं लागतात. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी रिचार्ज महाग केल्यापासून रोजच्या दीड जीबीचं महिनाभराचं पॅक तीनशेच्या घरात गेलं होतं. बापानं जूनमध्ये रिचार्ज मारलाच नाही. बियाणं उधारीवर मिळतं, रिचार्ज मिळत नाही.

म्हणून आबाजी नातीला घेऊन तालुक्याच्या ऑनलाइनवाल्याकडे गेले. दुकानात लॅपटॉप दोन, खुर्च्या चार आणि पोरं रस्त्यापर्यंत. लाइट जात-येत होती. मालक विशीतला पोरगा, बारावी झालेला, प्रिंटर हप्त्यानं घेतलेला. तो लबाड नव्हता, हे आधीच सांगतो. नोंदणीला मोबाइल नंबर आणि त्यावर ओटीपी लागत होता. पोरं खेड्यापाड्यातून आलेली, नंबर घरच्याच्या नावावर, घरचा माणूस वावरात, फोन उचलत नाही. तेवढ्यात साइट बाहेर फेकते, सगळं पहिल्यापासून. मग त्यानं सोपा उपाय काढला. आपल्या दुकानात पडून असलेले नंबर पोरांच्या फारमवर टाकू लागला. पासवर्ड एका वहीत लिहून ठेवले. आबाजींचा फोन त्यांच्या खिशातच होता, चालू होता. पण त्यानं विचारलं नाही आणि यांनी काढला नाही.

पुढचा भाग पसंतीक्रमाचा. एक ते दहा कॉलेजं निवडता येत होती. मुलीनं पांढरकवड्याच्या एका कॉलेजचं नाव सांगितलं. पोरानं यादीत ते शोधलं, सायन्सवर टिचकी मारली, क्रमांक एकवर टाकलं. खाली आणखी दोन नावं भरली, म्हणजे फारम रिकामा दिसू नये.

तेवढ्यात आबाजी म्हणाले, “हे अनुदानवालं होय का गा?”

“आबाजी, सरकारचीच साइट आहे. टेन्शन नका घेऊ.”

आबाजी सातवी शिकलेले. गावच्या सेवा सोसायटीत बरीच वर्षं संचालक होते. कागद हातात आला की तो कुठल्या टेबलावर अडेल हे त्यांना वासावरून कळतं. त्यांचा धाकटा मुलगा एकेकाळी विनाअनुदानित तुकडीत सापडून फीपायी कॉलेज सोडून बसला होता, म्हणून त्यांनी तो एक प्रश्न विचारला. दुकानातल्या माउसवाल्यांना तो म्हाताऱ्याचा प्रश्न वाटला. नातीलाही.

२८ जूनला पहिली यादी लागली. मेसेज अर्थातच दुकानातल्या नंबरावर गेला, तिथं शेकडो मेसेजांच्या ढिगात पडला. मैत्रिणीचा नंबर लागल्याचं कळलं तेव्हा ही एसटीनं तालुक्याला गेली आणि प्रिंट काढून आणली. पहिल्या पसंतीचं कॉलेज, सायन्स. घरात पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी बाप सुट्टी टाकून तिच्यासोबत कॉलेजात गेला. बाबूनं प्रिंट पाहिली आणि बारा हजार रुपये फी सांगितली.

तो प्रिंट मी पाहिला आहे. यादीत त्या कॉलेजचं सायन्स दोनदा होतं : एकदा अनुदानित, एकदा स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदान नसलेलं आणि फीवर चालणारं. नाव तेच, गाव तेच, इमारतसुद्धा तीच. फरक होता शेवटच्या रकान्यातल्या एका शब्दाचा आणि कोडमधल्या काही आकड्यांचा. अनुदानित तुकडीत मुलीला शिक्षण शुल्क माफ असतं. दुकानातल्या पोरानं जी ओळ वर दिसली ती निवडली. दोन बोटांच्या अंतरावर दुसरी होती.

“सर, मले वाटलं दोन्ही एकच हाये. चुकून दोनदा आलं असन.” मुलगी मला म्हणाली. तिची चूक नाही. आठवी, नववी, दहावी, कुठल्याच वर्गात आम्ही तिला अनुदान म्हणजे काय ते सांगितलं नव्हतं.

शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य रोज ऐकू येतं : या पोरांना मोबाइलमधलं सगळं येतं. येतं ते काय, ते बघायला हवं. ग्रामीण शिक्षणाच्या ‘असर’ या पाहणीनुसार २०२४ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातली १४ ते १६ वयाची ८२.२ टक्के मुलं स्मार्टफोन वापरू शकतात. त्यांच्यातली आधीच्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित कामासाठी तो वापरलेली ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६. या मुलीला रील एडिट करता येतं, गाणं जोडता येतं, भावाचा फोटो वाघासोबत चिकटवता येतो. पण ‘स्वयंअर्थसहाय्यित’ हा शब्द पडद्यावर आला की तो वाचून बोट पुढे सरकवायचं, थांबायचं नाही, हेही त्याच फोननं शिकवलेलं. आबाजींचं उलट. पडदा दिसला की हात मागे घेतात, पण कागदावरचा एक शब्द ते सोडत नाहीत. त्या दिवशी दुकानात दोघंही शेजारी शेजारी बसलेले होते. एकाजवळ प्रश्न होता, दुसरीजवळ यादी उघडी होती, आणि दोघांच्या मध्ये तिसऱ्याच माणसाचा हात होता.

नियम असा होता की पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद. त्या रात्री घरात बराच वाद झाला. बाप म्हणाला, कृषी केंद्रवाल्याकडून उचल घेऊ, पोरीचं वर्ष जायला नको. आबाजी म्हणाले, “बियाण्यावढा पैसा एका फारमच्या चुकीपायी देऊ नोको. आन् हे यंदाचं झालं, पुढच्या सालचं कोण देईन?” आजी बोलली नाही. मुलगी दुसऱ्या दिवशी उठून निंदणाला गेली.

नेमका प्रश्न आईनं विचारला. ती मला शाळेत भेटायला आली, पदर सावरत उभी राहिली आणि म्हणाली, “आता नाई घेतलं तर कायमचं बंद होते का जी?” तिनं आयुष्यात कधी नेट वापरलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) ग्रामीण भारतातल्या २४.६ टक्के बायांनी कधीतरी इंटरनेट वापरलेलं होतं, पुरुषांनी ४८.७ टक्के. ती उरलेल्या तीन-चतुर्थांशांतली. पण फी, नियम आणि रागालोभाच्या गदारोळात मुदत आणि परिणाम यांच्याबद्दल विचारणारी ती एकटीच. उत्तर होतं : कायमचं नाही. नियमित फेऱ्या संपल्यावर ‘सर्वांसाठी खुली’ फेरी असते आणि आमच्याकडच्या कॉलेजांत जागा शिल्लक राहतात. खात्री मात्र नव्हती, तेही मी तिला सांगितलं. त्यांनी थांबायचं ठरवलं. बाहेरून बघणाऱ्याला हा अडाणीपणा वाटेल. मला तो त्या घरातला सगळ्यात विचारपूर्वक निर्णय वाटतो.

खुल्या फेरीआधी एका रविवारी ते सगळे आमच्या शाळेत आले. या वेळी आधी कागद. फळ्याच्या मागच्या खोलीत टेबलावर आबाजींनी वही उघडली आणि नातीला यादीतली कॉलेजं एकेक वाचायला लावली. ती स्क्रीनवरून नाव, कोड, प्रकार वाचायची. ते प्रत्येक नावाला प्रश्न घालायचे. अनुदान आहे का. मराठी का इंग्रजी. गावावरून जाणारी गाडी किती वाजता. मानव विकास योजनेची, मुलींना शाळा-कॉलेजात नेणारी निळी गाडी तिथपर्यंत जाते का. परतीची शेवटची गाडी कोणती. एक कॉलेज गुणांनी सहज मिळण्यासारखं होतं, जवळही होतं. आबाजींनी ते खोडलं. परतीची गाडी सव्वाचारला सुटते आणि सायन्सच्या पोरांचं प्रॅक्टिकल पाचपर्यंत चालतं, हे त्यांना गावातल्या दुसऱ्या एका मुलीच्या अनुभवावरून माहीत होतं. अहिल्याबाई होळकर योजनेत पोरींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, पण गाडीच नसेल तर पास काय चाटायचा? ही माहिती कुठल्या संकेतस्थळावर नाही. ऑनलाइनवाल्या पोराला विचारायची सवड नव्हती आणि मुलीला हे विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

वहीत तीनच नावं उरली, तीनही अनुदानित. मग लॉगिन. पासवर्ड दुकानातल्या वहीतून आदल्या दिवशी आणलेला होता, त्या पोरानं तो निमूटपणे दिला. मुलीनं स्वतः टाइप केलं. लॉक करण्याआधी आबाजींनी चष्मा लावून पडद्यावरचा कोड आणि वहीतला कोड आकडा आकडा ताडून पाहिला, बँकेत सही करण्याआधी बघतात तसा. पहिल्याच कॉलेजात नंबर लागला. त्याच इमारतीत, बारा हजार न भरता.

इथं प्रकरण संपलं असं वाटलं होतं. सप्टेंबरमध्ये सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करा, असं फर्मान आलं. लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ चा हमीभाव ८११० रुपये क्विंटल, व्यापारी त्याहून बराच कमी देणार हे उघड होतं, म्हणजे नोंदणी सोडण्यासारखी नव्हती. सातबाऱ्यावर कापसाची नोंद हवी, त्यासाठी ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, वावरात उभं राहूनच करावी लागते. ती मुलीनं आधीच्या एका रविवारी करून ठेवली होती, कमरेएवढ्या पऱ्हाटीत उभी राहून.

नोंदणीच्या दिवशी मी गावात होतो. ती बापाचा फोन घेऊन टेकाडावर. ओटीपी आबाजींच्या फोनवर, तो घरात. आबाजी वर जाऊ शकत नाहीत, वर त्यांची रेंज जाते. पहिल्या खेपेला धाकटा भाऊ आकडे पाठ करत पळत सुटला, पोचेपर्यंत मुदत संपली. मग पांदणीच्या वळणावर, बाभळीपाशी अशी जागा सापडली जिथं तिचं नेट अजून जेमतेम टिकतं आणि घराच्या फाटकातून दिलेली हाक ऐकू येते. आबाजी फाटकात उभे राहून जोडीजोडीनं ओरडले, “बेचाळीस! शून्य सात! एक्क्याण्णव!” तिनं एक्क्याऐंशी टाकलं. तिच्या तोंडी ‘नाइंटी वन’ बसलेलं, एक्क्याण्णव आणि एक्क्याऐंशीत ती आजही गोंधळते. पुढच्या खेपेला आबाजींनी आकडे सुटे केले : नऊ, एक. झालं. वावरातून येणाऱ्या दोन बाया थांबून बघत होत्या, त्यांना वाटलं घरात काही भांडण झालं. त्यातली एक दुसऱ्याच दिवशी आपला सातबारा घेऊन या मुलीकडे आली.

लाडकी बहीणची ई-केवायसी त्याच महिन्यात आली आणि तिथं पेच वेगळा निघाला. आईचं आधार ज्या नंबराला जोडलेलं तो धाकट्या दिराचा जुना नंबर, रिचार्जअभावी कधीच बंद पडलेला. त्यामुळे तिच्या नावाचा ओटीपी कुठं जातो ते कुणालाच माहीत नाही.

आमच्या शाळेनं यातून दोन गोष्टी उचलल्या. दहावीच्या प्रत्येक मुलाच्या आधारला जोडलेला नंबर कुणाचा, तो चालू आहे का आणि फोन दिवसा कुठं असतो, हे दिवाळीआधीच लिहून घेतलं. निम्म्या वर्गाला पहिल्या प्रश्नाचं उत्तर घरी जाऊन विचारावं लागलं. दुसरं, पसंतीक्रमाचा मराठी कागद छापला आणि तो भरायला पालकसभेत आजोबा-आजींना बोलावलं. मुख्याध्यापकांना हे आधी पटलं नव्हतं. ऑनलाइन प्रक्रियेला कागद कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना कागद दाखवायला मी आबाजींनाच घेऊन गेलो.

घरात आता तिसऱ्या फोनची चर्चा आहे. कापसाचे पैसे आले की घ्यायचा, असं बाप म्हणतो. मुलगी सोळाची, अठराच्या आत तिच्या नावावर सीम मिळत नाही, म्हणून सीम आईच्या नावानं येणार. आबाजींची एकच अट आहे : घरातले सगळे कागद त्या नव्या नंबरावर हलवायचे नाहीत, आईचं आधार तेवढं जोडायचं आणि कॉलेजच्या खात्यावरचा दुकानाचा नंबर काढून तो टाकायचा. आधार केंद्र पांढरकवड्याला, अंगठा द्यायला आईला स्वतः जावं लागेल, म्हणजे वेचणीची एक दिवसाची मजुरी बुडणार. ती म्हणते, वेचणी आटोपली की जाईन.